एकट्याचा ताळा

पुण्याला समुद्र नाही. मुठा आहे, खडकवासला आहे, आणि धरणातून पाणी सोडलं की बाबा भिडे पूल बुडाला का ते बघायला जमणारी गर्दी आहे. तरीही समुद्र एकट्याने ओलांडणाऱ्यांची पुस्तकं वाचायला पुण्याइतकं सोयीचं गाव नाही, असं माझं मत आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्याला समुद्राबद्दल काहीतरी खरं ठाऊक असतं आणि वाचताना ते आड येतं. आम्हाला काहीच ठाऊक नसतं, त्यामुळे मतं ठाम असतात.

ही पुस्तकं मी धाडसासाठी वाचत नाही. नोकरीची सगळी वर्षं मी बँकेत काढली, आणि बँकेत एक साधा नियम असतो. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने ती तपासून पास करायची. आम्ही त्यांना मेकर आणि चेकर म्हणतो. मेकर कितीही हुशार असला तरी स्वतःची नोंद त्याला स्वतः पास करता येत नाही; आता तर संगणकच करू देत नाही. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, हे बँकेने केव्हाच मान्य करून टाकलं आहे. संगणक यायच्या आधी संध्याकाळी रोकड जुळली नाही की सगळी शाखा थांबायची. फरकाला नवाने पूर्ण भाग जात असेल तर जुने हेडकॅशियर सांगायचे, आकडे उलटे पडलेत, बघा. पंचेचाळीसचे चोपन्न झाले की फरक नऊ. एकशे वीसचे दोनशे दहा झाले की नव्वद. मग कुणीतरी शोधायचं, आणि ते बहुधा दुसऱ्यालाच सापडायचं. ज्याने लिहिलं तो त्याच ओळीवरून चार वेळा बोट फिरवून पुढे गेलेला असायचा.

फ्रान्सिस चिचेस्टरचं टास्मान समुद्रावरच्या उड्डाणाचं पुस्तक हाती आलं तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की या माणसाला चेकर नाही.

चिचेस्टर हा इंग्लंडमधल्या एका पाद्र्याचा मुलगा. १९१९ मध्ये न्यूझीलंडला गेला, धंद्यात जम बसवला, आणि १९२९ मध्ये इंग्लंडला परत येऊन विमान चालवायला शिकला. जिप्सी मॉथ नावाचं उघड्या कॉकपिटचं, लाकूड आणि कापडाचं छोटं विमान विकत घेऊन तो एकटाच सिडनीपर्यंत उडत गेला. नंतर त्याने न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाला, म्हणजे टास्मान समुद्रावरून, एकट्याने जायचं ठरवलं. अडचण अशी होती की मॉथच्या टाकीत तेवढं पेट्रोल मावतच नव्हतं. त्यावर त्याने काढलेला तोडगा कागदावर फार सोपा दिसतो. वाटेत नॉरफोक आणि लॉर्ड हाऊ ही दोन बेटं आहेत. तिथे उतरायचं, पेट्रोल भरायचं, पुढे जायचं. बेटांवर धावपट्टी नाही, तर न्यूझीलंडच्या हवाई दलाकडून तरंगे उसने घ्यायचे, ते चाकांच्या जागी बसवायचे आणि पाण्यावर उतरायचं. २८ मार्च १९३१ ला तो निघाला.

आता हिशेब बघा. न्यूझीलंडच्या उत्तर टोकापासून नॉरफोक साडेसातशे किलोमीटरच्या आसपास. बेट जेमतेम आठ किलोमीटर लांब. होकायंत्र किंवा वाऱ्याचा अंदाज पाच अंशांनी चुकला तर तेवढ्या अंतरावर माणूस पासष्ट किलोमीटर बाजूला जातो. पुण्याहून नाकासमोर नागपूरला निघालेला माणूस एवढ्याच चुकीने उमरेडच्या पलीकडे कुठेतरी पोचेल. पण तिथे निदान रस्ता विचारता येईल. चिचेस्टरला खाली फक्त लाटा होत्या, आणि वारा कुठून किती वाहतोय तेही त्या लाटांकडे बघूनच ठरवायचं होतं.

त्याच्याकडे सेक्स्टंट, म्हणजे सूर्याची उंची मोजायचं उपकरण, होतं. विमानाचा दांडा गुडघ्यांत धरायचा, दोन्ही हातांनी सेक्स्टंट डोळ्याला लावायचा, सूर्य आणि क्षितिज जुळवायचे, घड्याळ बघायचं, मग मांडीवरच्या कागदावर कोष्टकं काढून आकडेमोड करायची. एवढं करेपर्यंत विमान नाक खाली घालतं किंवा भलतीकडे वळतं; ते सावरायचं आणि पुन्हा पेन्सिल शोधायची. सूर्याची उंची मोजताना एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, चूक झाली तर जागा एका सागरी मैलाने, म्हणजे १.८५२ किलोमीटरने, चुकते. त्यात एवढं करूनही आपण नेमके कुठे आहोत ते कळतच नाही. एका मोजणीतून कळतं ते इतकंच, की आपण समुद्रावरच्या अमुक एका रेषेवर कुठेतरी आहोत.

बोटीवर दुसरा अधिकारी असतो, मोठ्या विमानात वेगळा दिशादर्शक असतो. इथे ज्याने आकडा काढला त्यालाच तो पास करायचा होता. तोही इंजिनाच्या आवाजात, वाऱ्यात आणि घाईत.

यावर चिचेस्टरने जे केलं ते वाचून मी पुस्तक मिटून बसलो. त्याने मुद्दाम चुकायचं ठरवलं. बेटाकडे सरळ निघालो आणि वेळ झाली तरी बेट दिसलं नाही, तर ते डावीकडे राहिलं की उजवीकडे हे कळायला मार्ग नाही, आणि दोन्हीकडे शोधण्याइतकं पेट्रोल नाही. म्हणून त्याने बेटावर नेम धरलाच नाही. बेटाच्या एका बाजूला बऱ्याच दूरच्या एका बिंदूवर धरला. तो बिंदू आणि बेट ठरलेल्या वेळी सूर्याच्या एकाच रेषेवर येतील अशी मांडणी त्याने आधीच करून ठेवली होती. आता लहानसहान चुका काय व्हायच्या त्या होऊ देत. मुद्दाम केलेली चूक त्या सगळ्यांपेक्षा मोठी आहे, त्यामुळे आपण बेटाच्या कुठल्या बाजूला आहोत याबद्दल शंकाच उरत नाही. सेक्स्टंटने ‘आलास रेषेवर’ म्हटलं की काटकोनात वळायचं आणि रेषा धरून उडत राहायचं.

कल्पना अगदीच नवी होती असं नाही. जुने दर्यावर्दी बंदराच्या एका बाजूला मुद्दाम राहून अक्षांश गाठायचे आणि मग तोच धरून किनाऱ्याला लागायचे. पण त्यांच्याकडे दिवस असायचे. चिचेस्टरकडे काही तासांचं पेट्रोल होतं आणि ते काम त्याला मांडीवर करायचं होतं. अज्ञात छोट्या चुकांवर एक ज्ञात मोठी चूक बसवून त्याने चेकरची सोय केली होती.

तरीही वळायचं तर त्यालाच होतं. वळण्याच्या त्या क्षणावर त्याने लिहिलेली पानं मला साऱ्या पुस्तकात सरस वाटतात. समोर समुद्र आहे, वळून जिकडे जायचं तिकडेही तसाच समुद्र आहे. मन सांगतं, बेट समोर असणार, सरळ जा. कागद सांगतो, वळ. कागद कुणी लिहिला? आपणच, मघाशी, दांडा गुडघ्यांत धरून. माणसाने त्या कागदावर किती विश्वास ठेवावा? तो वळला. नॉरफोक सापडलं.

पुढचा टप्पा लॉर्ड हाऊचा. तरंग्यांत पाणी शिरत होतं, विमान पाण्यावरून उठता उठत नव्हतं. ते सगळं निस्तरून तो तिथेही पोचला. रात्री वादळ आलं आणि नांगरलेलं विमान उलटलं. महासागराने जे केलं नव्हतं ते बेटाच्या खाडीने केलं. पंख मोडले, इंजिनात खारं पाणी गेलं. दुसरा कुणी पुढच्या बोटीने घरी गेला असता. याने दोन महिने तिथे राहून, बेटावरच्या लोकांना हाताशी धरून, विमान पुन्हा उभं केलं. सांगाडे जोडले, कापड चढवलं, इंजिन सुटं करून धुतलं आणि परत बसवलं. ६ जूनला उडाला आणि ऑस्ट्रेलियाच्या जर्विस बेला उतरला. ‘एकट्याने’ हा शब्द मुखपृष्ठावर असलेल्या पुस्तकातला हा भाग माणसांनी गच्च भरलेला आहे.

जाता जाता सांगायला हवं की टास्मान एकट्याने ओलांडणारा तो पहिला नव्हे. त्याच वर्षी जानेवारीत गाय मेन्झीस नावाचा तरुण सिडनीहून उलट दिशेने गेला होता. समुद्रावर जायची परवानगी मिळणार नाही म्हणून त्याने पर्थला जातो असं सांगितलं आणि न्यूझीलंड गाठलं. तिथे कुरण समजून दलदलीत उतरला, विमान उलटं झालं, हा मात्र धडधाकट बाहेर. मला मेन्झीस आवडतो, पण त्याच्याकडून शिकण्यासारखं काही नाही. चिचेस्टरने उड्डाण पुन्हा करता येईल असं लिहून ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात हाच माणूस वैमानिकांसाठी दिशादर्शनाचे धडे लिहीत होता, यात नवल नाही.

या पुस्तकांपैकीच बेरिल मार्कहॅमचं पुस्तक भाषेसाठी गाजलं. १९३६ च्या सप्टेंबरात ती इंग्लंडहून पश्चिमेकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाऱ्याविरुद्ध, एकटी अटलांटिकवरून गेली. माझ्या लक्षात राहिली ती तिची पेट्रोलची व्यवस्था. टाक्या अनेक, आणि एक पूर्ण रिकामी होऊन इंजिन बंद पडेपर्यंत पुढचीची तोटी उघडायची नाही. रात्री, ढगात, खाली महासागर असताना इंजिन थांबतं; अंधारात हाताने तोटी चाचपायची. शेवटच्या टाकीत पेट्रोल होतं, पण हवा जायच्या नळीत बर्फ धरल्यामुळे ते इंजिनापर्यंत पोचेना. ती कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या दलदलीत कशीबशी उतरली. पुढे हे पुस्तक तिने लिहिलं की तिच्या नवऱ्याने, यावर बराच वाद झाला. उड्डाणाला साक्षीदार नव्हता तर कुणी हरकत घेतली नाही. लिखाणाला मात्र लोकांना चेकर लागला.

मराठीच्या अंगणात यायचं तर विमानातून उतरून शिडात बसावं लागतं. चिचेस्टरनेच तो रस्ता करून ठेवला आहे. म्हातारपणी, कर्करोगाचं निदान पचवून, तो १९६६ मध्ये ‘जिप्सी मॉथ ४’ नावाच्या बोटीतून एकटा पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. बोटीला नाव विमानाचं. वाटेत एकच थांबा, सिडनी. मग उरलं काय, तर न थांबता जाणं. ते १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने ३१२ दिवसांत केलं, आणि ज्या बत्तीस फुटी ‘सुहैली’त केलं ती मुंबईत, कुलाब्यात, सागवानातून बांधलेली होती. वाकस आणि सामता चालवणाऱ्या आपल्या सुतारांनी. जगाला न थांबता एकट्याने घातलेली पहिली फेरी मुंबईच्या लाकडावर झाली, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात नाही.

हा धागा कुणी तरी उचलायला हवा होता. तो उचलला फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीत राहणाऱ्या एका निवृत्त माणसाने. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी, १९७१ च्या युद्धातले वीरचक्राचे मानकरी. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांनी नौदलाच्या गळी उतरवला. विंचुर्णी म्हणजे माणदेशाचा उंबरा. पाण्यासाठी आकाशाकडे बघणारा मुलूख. समुद्र नसलेल्यांची मतं ठाम असतात असं मी वर म्हटलं, ते आवटींना लागू नाही, त्यांचं आयुष्य समुद्रात गेलं होतं. पण बेत तिथे बसून आखला गेला याची मला गंमत वाटते.

२००६ मध्ये हात वर केला तो कमांडर दिलीप दोंदे यांनी. २००९ च्या १९ ऑगस्टला ते ‘म्हादेई’ ही बोट घेऊन मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाऊन असे चार थांबे घेऊन २०१० च्या मे महिन्यात परतले. ‘द फर्स्ट इंडियन’ हे त्यांचं पुस्तक इंग्रजीत आहे, पण त्याची चाल मला अस्सल आपली वाटते. कारण या पुस्तकात समुद्र लवकर येत नाही. आधी येते फाइल. मंजुऱ्या, पैसे, बोटीचा आराखडा, बोट कोण बांधणार, मग गोव्यात दिवाडी बेटावरची रत्नाकर दांडेकरांची यार्ड, मग लाकूड, फायबर, तळाचा शिशाचा भार, डोलकाठी. पाश्चात्त्य पुस्तकांत हे सगळं पहिल्या प्रकरणात उरकतात आणि नायकाला पाण्यात लोटतात. आपल्याकडे खरा महासागर टेबलाटेबलांमध्ये असतो. तिथे चेकर रांगेने उभे असतात. मेकर शोधावा लागतो. दोंद्यांनी तो भाग न वगळता, न चिडता, हसत लिहिला, हे मला त्यांनी केप हॉर्नला वळसा घालण्याइतकंच मोठं वाटतं.

त्याचा उपयोग पुढे कळतो. बोट बांधली जात असताना दोंदे तिथेच होते. कुठला बोल्ट कुठे आहे, कुठली वायर कुठून गेली आहे, हे त्यांना बांधल्यापासून ठाऊक. जगाच्या तळाशी, जवळचं माणूस शेकडो मैलांवर असताना काही मोडलं, तर दुरुस्त करणारा आणि दुरुस्ती तपासणारा एकच. निघायच्या आधी ते नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे इंग्लंडला जाऊन राहिले, त्यांच्या हाताखाली काम केलं. म्हणजे कुलाब्याच्या सुतारांची विद्या फिरून दिवाडीला आली म्हणायची. २०१८ मध्ये नौदलातलाच अभिलाष टॉमी जीपीएसशिवाय, सेक्स्टंट घेऊन एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरला तो ‘थुरिया’ घेऊन. ती सुहैलीची प्रतिकृती, बांधली दांडेकरांनीच. हिंदी महासागरात वादळाने तिची डोलकाठी मोडली, टॉमीच्या पाठीला जबर दुखापत झाली आणि फ्रेंच जहाजाने त्याला उचललं. शर्यतीचे नियम त्याला एकटा ठेवत होते. जीव वाचवायला कोण कुठून येईल याची व्यवस्था मात्र एकट्याची नव्हती.

विमानाकडे परत येतो. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर सुट्टीच्या दिवशी कुंपणाबाहेर उभं राहिलं तर विंचच्या दोराने ओढलं जाणारं ग्लायडर दिसतं. आधी जमिनीवर घरंगळतं, मग एकदम नाक वर करतं, आणि दोर सुटला की आवाजच संपतो. इंजिन नसल्यामुळे तिथला हिशेब नागडा असतो. हातात उंची किती आणि त्या उंचीत परत पोचता येईल का, एवढंच. सगळ्या उड्डाणशाळांत पहिल्या सोलोची गोष्ट एकसारखी सांगतात. प्रशिक्षक उतरतो आणि विमान लवकर उचलतं, कारण तेवढं वजन कमी झालेलं असतं. चेकरला वजन असतं, हे बँकेत आम्हाला कधी कळलं नाही. आम्ही त्याला नुसता उशीर समजायचो.

मुंबईच्या आरोही पंडितने मे २०१९ मध्ये, तेवीस वर्षांची असताना, अटलांटिक ओलांडला. ‘माही’ नावाचं सायनस ९१२ जातीचं, पाचशे किलोंच्या आतलं, एका इंजिनाचं विमान. स्कॉटलंडच्या विकहून निघून आइसलँड, ग्रीनलँड करत कॅनडातल्या इकालुइटला. सुमारे तीन हजार किलोमीटर. इतक्या हलक्या, लाइट स्पोर्ट वर्गातल्या विमानातून अटलांटिक एकटीने ओलांडणारी ती जगातली पहिली स्त्री. बातम्यांत ‘रणरागिणी’ आणि ‘गगनभरारी’ आलं, ते येणारच. मला हवं होतं ते आलं नाही. आइसलँडवरून निघताना हवामानाची किती वाट बघितली, ‘आज नाही’ असं कोण म्हणालं, तिला किती वेळा स्वतःलाच म्हणावं लागलं? ग्रीनलँडच्या बर्फावरून जाताना पेट्रोलचा काटा आणि तिचा कागद जुळत होते का?

मग १५ ऑक्टोबर २०२१ ला ती पुन्हा निघाली. जेआरडी टाटांनी १९३२ मध्ये याच तारखेला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं होतं. तिने भूजहून अहमदाबादमार्गे जुहू गाठलं. यावेळी जीपीएस नाही, ऑटोपायलट नाही. नकाशा, होकायंत्र, घड्याळ आणि खाली दिसणारा मुलूख. महासागराच्या मानाने हे अंतर काहीच नाही, आणि वर्तमानपत्रांनी त्याला जागाही तेवढीच दिली. पण माझ्या मते पुस्तक लिहायचंच तर तिने ही दोन उड्डाणं शेजारी शेजारी ठेवावीत. एकात यंत्र तिला तपासत होतं, दुसऱ्यात ती स्वतःला. दोन्हीकडे हात तेच. काय वेगळं वाटलं, कुठे दोनदा आकडा काढला, कुठे काढायचा कंटाळा केला, हे सांगू शकेल अशी माणसं जगात फार नाहीत. आणि मराठी वाचकाला समजेल अशा तऱ्हेने सांगू शकणारी तर ती एकच.

त्या पुस्तकात फोटो कमी असले तरी चालतील. मांडीवरच्या कागदांची मात्र पानंच्या पानं छापावीत, खाडाखोडीसकट, पेट्रोलच्या पावत्यांसकट. प्रकाशक म्हणेल, हे कोण वाचणार. पेन्शनर वाचतील म्हणावं. आम्ही पेन्सिल घेऊन बसू, आणि एखादी बेरीज चुकली असेल तर कळवू.